आईचं पहिलं मरण

कॉलेजच्या फाटकातून माझी आई आत येताना दिसली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर गाठोडं घेऊन ती रखवालदाराला विचारत होती की भुजंग खुरपे कुठं सापडंल. एरवी आई आलेली बघून कुठल्याही पोराला बरंच वाटतं. माझी अडचण अशी, की त्या कॉलेजात माझी आई मेलेली होती. मीच मारली होती, चांगले दोन फुलस्केप कागद भरून.

म्हातारा सुरू झाला, असं तुम्ही म्हणणार. म्हणा. भुंकणारी विहीर मी सांगितली, एसटीला शर्यतीत मागं टाकणारा रेडा सांगितला, आणि तुम्ही हसून सोडून दिलात. तसं हेही सोडून देता आलं तर बघा. मला अजून जमलेलं नाही.

झालं होतं असं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात हुपरीकर बाई मराठी शिकवायच्या. उंच, सडसडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शनिवारच्या शेवटच्या तासाला त्या पुस्तक मिटून ठेवायच्या. आठवड्यात प्रत्येकानं काहीतरी लिहून आणायचं, पण वाचायचं ते दुसऱ्यानं. लिहिणाऱ्यानं फळ्याजवळच्या स्टुलावर वर्गाकडं तोंड करून बसायचं, हात गुडघ्यांवर, तोंड बंद. मला असं म्हणायचं होतं, तसं म्हणायचं होतं, काही चालायचं नाही. वाचून झालं की कागद टेबलावर पालथा घालायचा आणि बाई विचारायच्या, "काय उरलं?" छान, वाईट असलं बोलायला बंदी. ज्याच्या डोक्यात जे राहिलं असेल ते त्यानं सांगायचं, बस्स.

आम्ही सगळी खेड्यापाड्यांतून आलेली. तोंडानं अख्खा पार जागवू, पण कोऱ्या कागदापुढं बसवलं की तळहाताला घाम. बाईंचं म्हणणं असं, की आपल्याला लिहिता येतं का हे आपल्याला कधीच कळत नसतं, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात डोकावून बघावं लागतं. आणि खरंच, पोरं हळूहळू धीट होत गेली. निवृत्ती सलगर म्हणून एक होता, हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाजायचा. त्यानं अडलेल्या मेंढीला सोडवल्याचं पाऊण पान लिहिलं. वर्गानं ते जवळजवळ जसंच्या तसं परत सांगितलं, मेंढीचे डोळे कसे झाले होते इथपर्यंत. त्या दिवसापासून सलगर बाकाला पाठ टेकून बसायला लागला.

मी होस्टेलचा राजा. माझ्या खोलीत गोष्ट ऐकायला पोरं खिडकीत लोंबकळायची. त्यामुळं माझा पहिला निबंध ऐकायला वर्ग कान टवकारून बसला. 'सूर्योदय' लिहिला होता. सोनेरी किरणं, रक्तवर्णी क्षितिज, पक्ष्यांची मंजुळ किलबिल, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. वाचून झालं. बाईंनी विचारलं, "काय उरलं?"

बाहेर शिपाई हौदातून बादली भरत होता, तिचा आवाज ऐकू यायला लागला. शेवटी सलगरला माझी दया आली. "सूर्य," तो म्हणाला.

"कुठला?"

"उगवला तो, बाई."

वर्ग हसला. स्टुलावर बसलेल्याला हसायचीही सोय नसते. पुढच्या खेपेला मी 'मानवी जीवन' लिहिलं. त्यातलं तर मानव आणि जीवन दोन्ही उरलं नाही. त्यानंतर तीन-चार शनिवारी माझं पोट दुखलं.

होस्टेलच्या कॉटवर पडून मी विचार केला, की सलगरची मेंढी मरता मरता वाचली, तरी एवढं उरलं. मेलीच असती तर? आणि मेंढीऐवजी माणूस असता तर? मग एका शनिवारी मी आईला मारली.

'न विसरता येणारा दिवस' असा विषय होता. मी लिहिलं की मी लहान असताना आई तापानं फणफणली, घरात दिव्याला तेल नव्हतं, बाहेर वादळ होतं. तिनं माझी पाटी छातीशी धरली, माझ्या डोक्यावरून थरथरता हात फिरवला आणि "शिक बाळा, खूप शिक," एवढं बोलून प्राण सोडला. वाचायला शालन गवसणे होती. तिचा आवाज पहिल्याच पानावर भरून आला, दुसऱ्या पानावर तिला थांबावं लागलं. आणि बाईंनी 'काय उरलं' विचारायच्या आधीच पोरं बोलायला लागली. पाटी उरली, तेल उरलं, वादळ उरलं. 'शिक बाळा' तर सगळ्यांनाच उरलं. बाई मात्र माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांनाही गहिवर आला.

दुसऱ्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. शालन घरून माझ्यासाठी वेगळा डबा आणायला लागली, आईविना पोराला मेसचं कसं सोसणार म्हणून. रेक्टरसाहेब रात्री उशिरा आल्याचं विचारीनासे झाले. मी खिशाला दोन पेनं लावली, केस वाढवले, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना लेखन म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलो. आपल्याला लिहिता येतं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका उरली नाही. अडचण एकच, पुढच्या शनिवारी काय लिहायचं. बापाला मारावं असं मनात आलं होतं, पण बापाचा राग मला माहीत होता. मेला असता तरी उठून आला असता.

तेवढ्यात गॅदरिंग आलं. बाईंनी ठरवलं, की शनिवारचा तास यंदा स्टेजवर करायचा, म्हणजे पालकांनाही पोरं काय करतात ते कळेल. आणि त्यासाठी निवडला तो माझा निबंध. तिथं तरी मी गप्प बसायचं की नाही? पण जिभेचं हाड मी जन्मताना घरीच विसरून आलेलो. आमच्या गावच्या गाडीवरच्या कंडक्टरला मी स्टँडवर गाठून सांगितलं, की माझं लिखाण सगळ्या तालुक्यापुढं वाचणार आहेत, शाल-नारळ मिळणार आहे. त्यानं ते तिकिटाबरोबर प्रत्येक थांब्यावर वाटलं.

आणि आता आई फाटकात उभी होती.

मी धावत जाऊन तिच्या डोक्यावरचं गाठोडं घेतलं आणि तिला कडुनिंबाआड ओढलं. ती हरखली होती. धपाटी आणलीत म्हणाली, शेंगांची चटणी आणलीय म्हणाली, तुझ्या बाला यायचं होतं पण म्हैस व्यायला झालीय म्हणाली. मी तिचं बोलणं तोडून म्हणालो, "आई, तू परत जा. कार्यक्रम रद्द झाला."

"का रं?"

मला त्या क्षणी एकच धंदा येत होता. "आमचे प्रिन्सिपॉल वारले."

"आई गं," ती हळहळली. "कवा?"

"आज पहाटं."

तेवढ्यात समोरून प्रिन्सिपॉलसाहेब आले. नवा कोट, तोंडात पान, बरोबर मंडपवाला. मला बघून त्यांनी खांद्यावर थाप मारली. "काय खुरपे, तयारी झाली ना? प्रिन्सिपॉलच्या अब्रूचा प्रश्न आहे हं," असं म्हणून ते पुढं गेले.

आईनं त्यांच्या पाठमोऱ्या कोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मेल्याली माणसं बरीच हिंडत्यात की तुमच्यात," ती म्हणाली आणि मंडपाकडं चालायला लागली.

मी मागून जाऊन एवढंच सांगू शकलो, की बायकांच्यात मागं बस, कुणाशी बोलू नको, तू कोण ते कुणाला सांगू नको. तिनं कारण विचारलं नाही. लुगड्याची लाज वाटत असंल पोराला, असं तिला वाटलं असावं. तिनं पदर सारखा केला आणि मागं जाऊन बसली.

शाल-नारळाचं काही खरं नव्हतं, स्टूल मात्र खरं होतं. मंडप भरलेला. मी स्टेजवर लोकांकडं तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. शालन माईकपुढं आली. या वेळी तिनं पाठच केलं होतं, त्यामुळं आवाजाला भलतीच धार आली होती.

मी कुठं बघणार? खाली बघायला बाईंची मनाई होती. हिरवं लुगडं मला पहिल्या झटक्यातच सापडलं होतं. सुरुवातीला आई मान डोलवत होती, माझं नाव घेतलं तेव्हा शेजारणीकडं बघून हसलीही. मग दिव्याला तेल नव्हतं हे आलं, तिच्या कपाळाला आठी पडली. आमच्या घरी तेल नव्हतं असं कधी झालं नव्हतं, तिनं ते होऊ दिलं नव्हतं. मग ताप आला. मग पाटी. शालन म्हणाली, 'आणि माझी माउली मला पोरकं करून गेली,' तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेजारची बाई माझ्या आईच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. आईनं तिला थोपटलं. स्वतःच्या मरणावर रडणाऱ्या बाईची ती समजूत घालत होती, आणि तिचे डोळे माझ्यावर होते.

कागद पालथा पडला. बाईंनी विचारलं, "काय उरलं?"

पुढच्या रांगेतलं एक सावकारी पागोटं उठून म्हणालं, 'शिक बाळा.' एक मास्तर उठले, त्यांना पाटी उरली होती. मग मागं हिरवं लुगडं उभं राहिलं.

"बोला," बाई म्हणाल्या. "आपण कोण?"

मंडपातली सगळी डोकी मागं वळली. आईनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. बाजारात शेळी विकावी का परत न्यावी हे ठरवताना ती जशी बघायची, तसं तिनं मला नीट, सावकाश बघून घेतलं.

"म्या पोराची मावशी," ती म्हणाली. "मेली तिची धाकली भैन."

बायकांच्यात हळहळ उठली.

"बाई, तुमी इचारलं काय उरलं," आई म्हणाली. "मला तर कायबी उरलं न्हाई. ह्या कागदातली बाई कोण हाय ते मला वळखूच आलं न्हाई. माझी भैन मरताना 'शिक बाळा' म्हनली न्हाई. तिनं ह्याला जल्मात बाळा म्हटलं न्हाई. भुंग्या म्हनायची."

पोरं फिसकन हसली. बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"मग काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

मला वाटतं, आपण मरताना काय म्हणू हे आई तिथं उभ्या उभ्या ठरवत होती. "म्हनली, शेळीला पाणी दावलं का. मग म्हनली, सांज झाली, कोंबड्या झाका. आन मग गेली."

आधी मंडप हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला.

"आन पाटीबिटी नव्हती," आई पुढं म्हणाली. "ह्यो पहिलीत गेला तवा चुलीतला कोळसा घ्यून ह्यानं भितीवर नाव लिवलं, पार उंबऱ्यापासनं गोठ्यापतुर. दिवाळीला भैनीनं समदं घर पांढऱ्या मातीनं पोतारलं, तेवढी भित सोडली. तिचा दाल्ला वरडला. तर म्हनली, पोरानं लिवलंय, कसं पुसू. वाचाय यायचं न्हाई तिला. कुठनं सुरू हुतंय आन कुठं संपतंय, ते बी ठावं नव्हतं. पर येता-जाता त्येला हात लावायची. एवढंच उरलंय मला."

आणि ती खाली बसली.

ती भिंत मला आठवत होती. पोतारायची राहून गेली असं मी समजत होतो. हाताचं मला माहीत नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. गॅदरिंग पुढं चाललं, नाच झाले, नकला झाल्या. पण मंडपातून बाहेर पडताना माझ्या कानावर जे येत होतं त्यात ना वादळ होतं ना पाटी. लोक शेळीचं आणि कोळशाचं बोलत होते.

आईला मी स्टँडवर पोचवायला गेलो. सोडा-वॉटरचं दुकान गेलं, तालमीची भिंत गेली, मग तिनं विचारलं, "मला मारलीस कशापायी?"

"दुःखाचं असलं की लोक ऐकतात."

"मग तुझ्या बाला का न्हाई मारलास?"

"तो चिडला असता."

"म्हंजी मी चिडत न्हाई म्हनून मेले," ती म्हणाली. तिनं ते भांडून म्हटलं नाही. हिशेब लागला म्हणून म्हटलं.

मी रडायला लागलो असतो, पण तिनं तेवढीही सवड दिली नाही. "आन मारायचीच हुती तर तापानं कशाला? वाईच वाईच करून झुरवलीस. साप घालायचा, झटक्यात सुटले असते." मग गाठोडं माझ्या हातात कोंबून ती गाडीत चढली. कंडक्टरनं दारातूनच विचारलं, "काय मावशी, झाला का पोराचा सत्कार?" तो प्रत्येक बाईला मावशीच म्हणायचा. आईनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. "बग," ती म्हणाली, "आता समदेच म्हनाय लागले." गाडी हलली तेव्हा ती हसत होती. मला अजून समजलेलं नाही, ते हसू कुणासाठी होतं.

पुढच्या शनिवारी तासाच्या आधी मी बाईंच्या टेबलाजवळ गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. "बाई, त्या दिवशी आलेली ती—"

"स्टुलावर बसणाऱ्यानं बोलायचं नसतं, खुरपे."

"मी स्टुलावर नाहीये, बाई."

"आहेस," त्या म्हणाल्या. "ती भिंत लिहून आण. मावशींनी सांगितली तशी. त्यात एकही मंजुळ नको."

मी ती लिहिली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा कोळसा काळाकुट्ट झाला, हात थरथरता झाला. फाडली. पुन्हा लिहिली, फाडली. शेवटी डोळे मिटून तिचा आवाज आठवत लिहिली, तर अर्ध्याच पानात मावली. ते पान सलगरनं वाचलं. वाचताना तो पहिल्यांदाच अडखळला नाही. बाईंनी विचारलं, "काय उरलं?" वर्गानं मला माझी भिंत परत दिली, उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत. स्टुलावर बसल्या बसल्या मला वाटलं, हे आपल्याला जमेल. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की इथून उठावं आणि गावापर्यंत पळत सुटावं.

तास संपल्यावर शालन जवळ आली. "तुमच्या मावशींचं नाक," ती म्हणाली, "अगदी तुमच्यासारखंच आहे." दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. मी मागितलाही नाही.

पुढं मी लिहीत गेलो. विहीर भुंकली, रेडा धावला, पुस्तकं झाली. नवीन काही छापून आलं की सुट्टीला घरी जाऊन मी आईला वाचून दाखवायचो. ती निवडण-टिपण करत ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "ह्यात कोण मेलं?" कुणी नाही म्हटलं की म्हणायची, "मग चांगलं हाय." पण त्या गॅदरिंगचा विषय तिनं ना गावात काढला, ना बापापुढं. आणि कॉलेजातल्या जुन्या पोरांच्या तोंडी ती अखेरपर्यंत भुजंगाची मावशीच राहिली. मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. भल्याभल्या सभांतून भाषणं केली, मायमराठीवर बोललो, पण 'ती माझी आई होती' हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही.

ती गेली तेव्हा हुपरीकर बाई भेटायला आल्या. निवृत्त होऊन जमाना झाला होता, काठीशिवाय चालता येत नव्हतं. दोऱ्याचा चष्मा जाऊन धड चष्मा आला होता. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या. मग काठीच्या मुठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "तुझी आई गेली म्हणून कळलं."

'आई' म्हणाल्या त्या, मावशी नाही. मी खाली बघितलं.

"शेवटी काही बोलल्या?" त्यांनी विचारलं. "शेळीचं, कोंबड्यांचं?"

"नाही बाई. शेळ्या कधीच विकल्या होत्या," मी म्हणालो. "दुपारी जरा डोळे उघडले. मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान तोंडाशी नेला, तर म्हणाली, भुंग्या, ह्या खेपेला खरं हाय बरं का."